विश्लेषण : गेममध्ये फेरारी घ्यायची की लॅम्बोर्गिनी? या चुरशीमागचा ट्रॅक्टर कारखानदार कोण होता?

रेसिंग गेम सुरू केला की पहिला प्रश्न गाडीचा असतो. अनेक गेममध्ये शेवटच्या दोन पर्यायांत एक लाल फेरारी आणि एक पिवळी लॅम्बोर्गिनी उरते. ही चुरस एखाद्या गेम कंपनीच्या कल्पनेतून आलेली नाही. तिची सुरुवात इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या मुलापासून होते. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी यांनी ही गाडी का काढली, शर्यतीला नकार का दिला आणि स्वतःच्या नावाची कंपनी का विकली, याचा आढावा.

गेममधली निवड नेमकी कशातली?

या दोन नावांची जोडी गेमच्या पडद्यावर साडेतीन दशकांहून अधिक काळ आहे. १९८७ मध्ये आलेल्या ‘टेस्ट ड्राइव्ह’ या गेममध्ये फेरारी टेस्टारोसा आणि लॅम्बोर्गिनी काउंटाच या दोन्ही गाड्या होत्या. १९९४ मध्ये आलेल्या पहिल्या ‘नीड फॉर स्पीड’मध्ये फेरारी ५१२ टीआर आणि लॅम्बोर्गिनी डियाब्लो व्हीटी समोरासमोर आल्या. १९९८ च्या ‘नीड फॉर स्पीड ३ : हॉट पर्स्युट’मध्ये फेरारी ५५० मारानेल्लो आणि लॅम्बोर्गिनी डियाब्लो एसव्ही अशी जोडी होती. आपल्याकडे घरोघरी संगणक येऊ लागले तो हाच काळ. त्यामुळे या दोन गाड्या रस्त्यावर दिसण्याच्या कितीतरी आधी अनेकांनी कीबोर्डच्या बाणांनी चालवल्या. या दोन कारखान्यांमधले हवाई अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे. फेरारी मारानेल्लोची, तर लॅम्बोर्गिनी सान्त अगाता बोलोन्येसेची. दोन्ही गावे इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतातली.

फेरुचिओ लॅम्बोर्गिनी कोण होते?

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी चेंतो शहराजवळच्या रेनाझ्झो गावात झाला. आईवडील शेती करत, द्राक्षबाग सांभाळत. मुलाला मात्र शेतापेक्षा शेतातल्या यंत्रांचा ओढा अधिक होता. त्यांनी तांत्रिक शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या हवाई दलात भरती झाले आणि ऱ्होड्स बेटावर त्यांची नेमणूक झाली. तिथे वाहनांची दुरुस्ती हे त्यांचे काम होते. बेटावर सुटे भाग पोहोचणे अवघड, त्यामुळे एका वाहनाचा भाग दुसऱ्याला बसवून काम चालवावे लागे. युद्धाअखेर बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि ते युद्धकैदी झाले. १९४६ मध्ये ते घरी परतले. पुढच्याच वर्षी मुलाच्या जन्मावेळी त्यांची पत्नी क्लेलिया यांचे निधन झाले. मुलाचे नाव अंतोनिओ, पुढे तो तोनिनो या नावाने ओळखला गेला.

ट्रॅक्टरचा धंदा कसा उभा राहिला?

युद्धानंतरच्या इटलीत शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते, पण नवे ट्रॅक्टर परवडत नव्हते. दुसरीकडे सैन्याची टाकाऊ वाहने ढिगाने पडून होती. फेरुचिओ यांनी त्या वाहनांची इंजिने आणि इतर भाग घेऊन ट्रॅक्टर जुळवायला सुरुवात केली. पेट्रोल महाग होते. त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी, की इंजिन पेट्रोलवर सुरू व्हावे आणि तापल्यानंतर स्वस्त डिझेलवर चालावे. शेतकऱ्याच्या खिशाचा विचार करणारी ही युक्ती चालली. १९४८ मध्ये ‘लॅम्बोर्गिनी त्रात्तोरी’ ही कंपनी उभी राहिली आणि पुढे ती इटलीतल्या मोठ्या ट्रॅक्टर उत्पादकांपैकी एक झाली. १९६० च्या सुमारास त्यांनी तेलावर चालणारे हीटर बनवण्याचा दुसरा कारखानाही काढला. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या धंद्यात उतरण्याआधीच ते श्रीमंत उद्योगपती होते.

क्लचच्या भांडणाची गोष्ट कितपत खरी?

पैसा आल्यावर फेरुचिओ यांनी वेगवान गाड्या घेतल्या. त्यात १९५८ पासून फेरारीच्या गाड्याही होत्या. गाडी वेगवान होती, पण आतली बनावट त्यांना ओबडधोबड वाटे आणि क्लच वारंवार बिघडे. गाडी खोलून पाहिली तेव्हा आपल्या ट्रॅक्टरमध्ये असतो तसाच क्लच त्यांना दिसला. ही तक्रार घेऊन ते एन्झो फेरारी यांच्याकडे गेले. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने गाड्यांबद्दल शिकवू नये, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले आणि त्या अपमानातून लॅम्बोर्गिनी गाडी जन्मली, अशी ही गोष्ट आहे.

या गोष्टीचा मुख्य आधार फेरुचिओ यांनी नंतरच्या काळात स्वतः सांगितलेल्या आठवणी हाच आहे. त्या भेटीतले शब्द प्रत्येक वेळी थोडे वेगळे येतात. त्यामुळे ती जशीच्या तशी खरी धरणे धोक्याचे. दुसरे कारण अधिक व्यवहारी होते आणि तेही त्यांनी लपवले नाही. ट्रॅक्टरला लागणाराच सुटा भाग महागड्या गाडीत गेला की त्याचे मोल कितीतरी वाढते, हे त्यांच्यातल्या कारखानदाराने हेरले होते. राग आणि नफ्याचे गणित, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

पहिल्या गाडीत इंजिनच नव्हते?

सान्त अगाता इथे १९६३ मध्ये गाड्यांचा कारखाना सुरू झाला. इंजिनासाठी त्यांनी जोत्तो बिझारिनी यांना गाठले. बिझारिनी हे पूर्वी फेरारीचे अभियंते. १९६१ मध्ये फेरारीतून वरिष्ठांचा एक गटच बाहेर पडला, त्यात ते होते. त्यांनी साडेतीन लिटरचे बारा सिलिंडरचे, म्हणजे व्ही-१२ इंजिन आखले. त्याचा पिंड शर्यतीचा होता. फेरुचिओ यांना मात्र आरामात लांब पल्ला कापणारी गाडी हवी होती. तरुण अभियंते जान पाओलो दल्लारा आणि पाओलो स्तान्झानी यांनी ते इंजिन रस्त्यासाठी शांत केले.

त्याआधी ऑक्टोबर १९६३ मध्ये तुरीनच्या मोटार प्रदर्शनात ३५० जीटीव्ही हा नमुना ठेवायचा होता. ऐनवेळी इंजिन गाडीच्या बॉनेटखाली बसेना. मग इंजिन गाडीबाहेर वेगळे मांडले गेले आणि गाडीचे बॉनेट प्रदर्शनभर बंद राहिले. विक्रीसाठीची ३५० जीटी १९६४ मध्ये जिनिव्हात आली. पहिल्या वर्षात जेमतेम डझनभर गाड्या विकल्या गेल्या. बिझारिनींच्या त्या मूळ रचनेतून वाढत गेलेले व्ही-१२ इंजिन मात्र २०१० पर्यंत, म्हणजे मुर्सिएलागो बंद होईपर्यंत, लॅम्बोर्गिनीत वापरले गेले.

मिऊराने काय बदलले?

दल्लारा, स्तान्झानी आणि चाचणीचालक बॉब वॉलेस यांना शर्यतीचे वेड होते. मालकाला नव्हते. या तिघांनी फावल्या वेळात एका वेगळ्या गाडीचा आराखडा केला. व्ही-१२ इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि तेही आडवे. फेरुचिओ यांनी जाहिरात तरी होईल या हिशेबाने परवानगी दिली. नुसता सांगाडा १९६५ मध्ये तुरीनला ठेवला आणि तिथेच लोकांनी पैसे पुढे केले. बेर्तोने या कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनी यांनी तिचे रूप घडवले आणि १९६६ मध्ये जिनिव्हात मिऊरा उभी राहिली. नाव स्पेनमधल्या लढाऊ बैलांच्या प्रसिद्ध पैदासकाराचे. फेरुचिओ यांची रास वृषभ, म्हणून कंपनीचे चिन्हही बैलच.

शक्तिमान इंजिन पाठीमागे असलेली गाडी सामान्य ग्राहकाच्या हाती देणे एन्झो यांना धोक्याचे वाटत होते. १९६८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘डेटोना’चे व्ही-१२ इंजिन पुढेच होते. बारा सिलिंडरचे इंजिन मध्यभागी असलेली फेरारीची नेहमीच्या विक्रीची रस्त्यावरची गाडी १९७३ मध्ये आली. आज सुपरकार म्हटले की डोळ्यांसमोर येणारा आकार रूढ करण्यात मिऊराचा वाटा सर्वांत मोठा आहे.

शर्यतीला नकार का?

फेरुचिओ यांनी तरुणपणी शर्यत करून पाहिली होती. १९४८ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत ते स्वतः सुधारलेली छोटी फियाट घेऊन उतरले. ती गाडी तुरीनजवळ रस्त्याकडेच्या खानावळीत घुसली आणि शर्यत तिथेच संपली. पण मुख्य कारण खर्चाचे होते. एन्झो यांच्यासाठी रस्त्यावरच्या गाड्या हे शर्यतीचा खर्च भागवण्याचे साधन होते. फेरुचिओ यांच्यासाठी गाडी हाच माल होता. त्यामुळे त्यांच्या हयातीतल्या मालकीच्या काळात कारखान्याचा संघ फेरारीसमोर कधी उतरलाच नाही. वॉलेस यांनी १९७० मध्ये मिऊरावरून ‘योता’ ही चाचणीची गाडी बनवली, तीही शर्यतीला गेली नाही.

म्हणूनच साठच्या दशकात ही तुलना मासिकांच्या पानांवर, प्रदर्शनांत आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यात झाली. एकाच वळणावर एकाच क्षणी या दोन गाड्यांना भिडवण्याचे काम सामान्य चाहत्यासाठी पुढे गेमने केले.

मग कंपनी विकावी का लागली?

सत्तरचे दशक उजाडले आणि सगळ्या बाजूंनी अडचणी आल्या. इटलीत कामगार संघटनांचे संप वाढले. बोलिव्हियाने पाच हजार ट्रॅक्टरची मागणी नोंदवली होती. तिथे सत्तापालट झाल्यावर ती रद्द झाली. उत्पादनाची तयारी झालेली, पण घेणारा नाही. अखेर ट्रॅक्टर कंपनी ‘सामे’ या इटालियन कंपनीकडे गेली. ज्या धंद्याने गाड्यांचा खर्च पेलला, तोच हातून सुटला. १९७२ मध्ये फेरुचिओ यांनी गाड्यांच्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा स्वित्झर्लंडच्या जॉर्ज-आंरी रोसेत्ती यांना विकला. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये उरलेला ४९ टक्के हिस्साही रेने लायमर यांच्याकडे गेला. त्याच वर्षी काउंटाच ग्राहकांच्या हाती पडू लागली. पोस्टरवरून घरोघरी पोहोचलेली ही गाडी विकली जात असताना फेरुचिओ यांचा कंपनीशी संबंध उरला नव्हता.

एन्झो यांनाही पैशांसाठी हात पसरावा लागला होता. १९६९ मध्ये त्यांनी निम्मी कंपनी फियाटला दिली. पण शर्यतीचा विभाग त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि १४ ऑगस्ट १९८८ रोजी मृत्यू होईपर्यंत ते कंपनीशी बांधलेले राहिले. फेरुचिओ यांनी मात्र दोर पूर्ण कापला. उम्ब्रिया प्रांतात त्रासिमेनो सरोवराजवळ त्यांनी जमीन घेतली, द्राक्षे लावली आणि वाइन बनवली. तिचे नाव ‘मिऊराचे रक्त’ अशा अर्थाचे होते. २० फेब्रुवारी १९९३ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कंपनी त्यानंतरही हात बदलत राहिली आणि १९९८ मध्ये आउडीकडे गेली.

तर मग गेममध्ये कोणती निवडावी?

१९९८ च्या गेममधली जोडी पाहिली तर गंमत लक्षात येते. ५५० मारानेल्लोचे इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. त्यामुळे वजन दोन्ही चाकजोड्यांवर वाटले जाते आणि गाडी भरवशाने वळते. दूरच्या प्रवासाला योग्य, आतून आरामशीर. म्हणजे फेरुचिओ यांना १९६३ मध्ये हवी होती तशी. डियाब्लो एसव्हीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, ताकद फक्त मागच्या चाकांना. वजन मध्याजवळ असल्याने नाक चटकन वळते आणि मागच्या चाकांवर भार असल्याने सुटतानाची पकड चांगली मिळते. पण वळणात अचानक वेग सोडला तर मागची बाजू झटकन फिरते. साध्या अर्केड गेममध्ये हा फरक पातळ होतो, सिम्युलेशन प्रकारच्या गेममध्ये तो लगेच जाणवतो. वळणावळणाच्या ट्रॅकवर चूक पोटात घालणारी गाडी हवी असेल तर पुढच्या इंजिनाची फेरारी बरी. हात बसला असेल आणि ब्रेक वळणाआधीच संपवण्याची सवय असेल तर डियाब्लो. चारही चाकांना ताकद देणारी डियाब्लो व्हीटी असेल, तर ओल्या रस्त्यावर आणि सुरुवातीच्या झेपेत तिचा फायदा होतो, मात्र वळणात ती थोडी बाहेर ओढते.

पहिल्या ‘नीड फॉर स्पीड’मध्ये ही डियाब्लो व्हीटी आली, तेव्हा फेरुचिओ यांना जाऊन एक वर्ष झाले होते. त्या गाडीच्या आखणीत त्यांचा हात नव्हता. तिच्यातले इंजिन मात्र त्यांनीच बिझारिनींकडून करवून घेतलेल्या व्ही-१२ च्या वंशातले होते.