लॉरेन्स हॅमंड : स्वतः न वाजवितां वाद्य घडविणारा यंत्रज्ञ

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळीं आमच्या वाद्यवृंदांत एक लहानसा तंटा उपस्थित झाला. बास गिटार वाजविणाऱ्या विद्यार्थ्यासाठीं एक कोरस पेडल विकत घ्यावयाचें होतें. पायानें चालू-बंद करावयाची ही चिमुकली पेटी एकट्या वाद्याच्या स्वरास अनेक वाद्यांच्या मेळाचें भरीव रूप देते. ज्या पेटीवर अधिक कळा ती उत्तम, असें एका पक्षाचें म्हणणें; जिची किंमत व कीर्ति अधिक ती उत्तम, असें दुसऱ्याचें. आपल्या कानांनीं ऐकून निवड करावी, ही गोष्ट मात्र कोणाच्याच मनांत आली नाहीं. तेव्हां ज्यांच्या कारखान्यांत ही स्वर दाट करण्याची युक्ति विजेच्या साह्यानें फार पूर्वींच साधली गेली, त्या लॉरेन्स हॅमंड यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. त्यांत निवड कशी करावी याचा धडा आहे, व ती कशी चुकते याचाहि आहे.

हॅमंड यांचा जन्म ता. ११ जानेवारी १८९५ रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत एव्हॅन्स्टन या गांवीं झाला. वडील पेढीवाले होते. परंतु लॉरेन्स अवघा दोन वर्षांचा असतांना ते वारले. आई चित्रकर्तींत गणली जाणारी व मोठी धीराची बाई होती. मुलांस घेऊन ती युरोपांत गेली, आणि जिनीव्हा, ड्रेस्डेन व पॅरिस अशा नगरांत लॉरेन्सचें बालपण गेलें. तेथें तो फ्रेंच व जर्मन भाषा अस्खलित बोलूं लागला. वयाच्या चौदाव्या वर्षीं, ज्या वयांत आमचीं मुलें आठवी-नववीच्या इयत्तेंत असतात, त्यानें मोटारीची गति आपोआप बदलणाऱ्या यंत्राचा आराखडा तयार केला. आईच्या सल्ल्यानें तो फ्रान्समधील रेनो कारखान्याकडे पाठविण्यांत आला. कारखान्यानें तो नाकारला. पण मुलगा खचला नाहीं. पुढें स्वदेशीं परतून त्यानें कॉर्नेल विश्वविद्यालयांत यंत्रशास्त्राचा अभ्यास केला, व १९१६ सालीं पदवी मिळविली.

पहिल्या महायुद्धांत हॅमंड यांनीं फ्रान्समध्यें सैन्यांत नोकरी केली. परत आल्यावर डिट्रॉइट येथील एका मोटार-कंपनीचे ते मुख्य यंत्रज्ञ झाले. फावल्या वेळीं प्रयोग चालूच होते. घड्याळाची टिकटिक त्यांच्या कानांस खुपे. म्हणून १९२० च्या सुमारास त्यांनीं घड्याळाचें यंत्र आवाज कोंडणाऱ्या पेटींत बसवून मुकें घड्याळ केलें. त्यांतून जो पैसा आला त्याच्या बळावर नोकरी सोडून त्यांनीं न्यूयॉर्क शहरीं स्वतःची प्रयोगशाळा मांडली. १९२२ सालीं तेथील सेल्विन नाट्यगृहांत त्यांनीं चित्रपटांतील आकृतींस खोली आल्याचा भास करून देणारें टेलिव्ह्यू नांवाचें यंत्र लाविलें. प्रत्येक आसनाशीं फिरत्या पडद्याचें दर्शक होतें, व उजव्या-डाव्या डोळ्यांस आळीपाळीनें निरनिराळें चित्र दिसे. लोकांस नवल वाटलें. परंतु एवढा खर्च करण्यास दुसरें नाट्यगृह पुढें आलें नाहीं, आणि तो उद्योग तेथेंच संपला.

या सर्व खटाटोपांतून एक गोष्ट त्यांच्या हातीं राहिली. विजेच्या प्रवाहाच्या स्पंदांबरोबर अचूक पाऊल टाकीत फिरणारी लहानशी मोटर त्यांनीं सिद्ध केली होती. अमेरिकेंत वीज सेकंदास ६० आवर्तनें करते; तिच्याशीं गति बांधली गेली म्हणजे मोटर पुढेंहि जात नाहीं व मागेंहि राहत नाहीं. या मोटरीवर चालणारीं घड्याळें विकण्यासाठीं १९२८ सालीं त्यांनीं कंपनी काढली. परंतु लवकरच महामंदी आली व घड्याळांचा धंदा बसला. कामगारांस काम राहावें म्हणून १९३२ सालीं पत्ते आपोआप पिसून वांटणारें मेजहि त्यांनीं विकून पाहिलें. तें कांहीं दिवस चाललें. कायमचा आधार मात्र कांहीं मिळेना.

अशा वेळीं त्यांच्या मनांत आलें कीं, जी मोटर वेळ अचूक राखते, ती स्वरहि अचूक कां राखणार नाहीं? येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हॅमंड यांस कोणतेंहि वाद्य वाजवितां येत नव्हतें. त्यांनीं एक जुना पियानो विकत आणला, पट्ट्या तेवढ्या ठेवून बाकीचें अंग काढून टाकलें, व त्या पट्ट्यांस आपल्या यंत्राच्या तारा जोडल्या. आपल्याला संगीत कळत नाहीं हें त्यांनीं लपविलें नाहीं. त्यांच्या कंपनीचे एक हिशेबनीस जवळच्या एका चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असत. स्वर बरा कीं वाईट हें हॅमंड त्यांस विचारीत, व ते सांगतील त्याप्रमाणें यंत्र सुधारीत. मालकानें आपल्या चाकराच्या कानास मान द्यावा, हा विनय थोड्यांच्या अंगीं असतो.

या वाद्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. आंत ९१ पोलादी चाकें फिरत असतात. चाकांच्या कडेस उंचवटे असतात, व प्रत्येक चाकाजवळ तारेचें वेटोळें घातलेला एक लोहचुंबक असतो. उंचवटा जवळून गेला कीं वेटोळ्यांत विजेची एक लहर उठते. सेकंदांत जितके उंचवटे जातील तितक्या लहरी, व तितकाच उंच स्वर. मूळ स्वरांत त्याचे वरचे स्वर कमीअधिक मिसळण्यासाठीं ओढावयाच्या लहान दांड्या असतात. त्यामुळें वाजविणारा स्वराचा रंग हवा तसा पालटूं शकतो. चाकांपासून वीज व विजेपासून स्वर, ही कल्पना थॅडियस केहिल या गृहस्थानें पूर्वींच अमलांत आणली होती; परंतु त्याच्या यंत्राचें वजन शेकडों टन भरे. हॅमंड यांनीं तें दिवाणखान्यांत मावेल असें केलें.

जानेवारी १९३४ मध्यें त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला, व तीनच महिन्यांनीं, ता. २४ एप्रिल रोजीं, तें मिळालें. पुढील वर्षीं न्यूयॉर्क येथें वाद्य लोकांपुढें आलें. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनीं सहा नग मागविले; विख्यात रचनाकार जॉर्ज गर्श्विन यांनींहि एक घेतलें. मोठें गिऱ्हाईक मात्र लहान लहान चर्चांचें होतें. नळ्यांचा खरा ऑर्गन बांधणें म्हणजे कित्येक हजार डॉलरांचें काम. हें वाद्य सुमारे १,२५० डॉलरांस मिळे. ज्या गरीब मंडळींनीं उपासनेच्या वेळीं ऑर्गनची आशा सोडली होती, त्यांच्या घरीं जणूं तो चालत आला.

ही सरशी नळ्यांचे ऑर्गन बांधणाऱ्यांस सहन झाली नाहीं. हें वाद्य ऑर्गनच नव्हे, आणि कंपनीच्या जाहिराती लोकांस फसवितात, अशी तक्रार सरकारी व्यापार-आयोगापुढें गेली. १९३७ सालीं शिकागो विश्वविद्यालयाच्या प्रार्थनामंदिरांत परीक्षा झाली. मंदिरांतील मोठा ऑर्गन व हॅमंडचें वाद्य पडद्याआड आळीपाळीनें वाजविण्यांत आले, व कोणतें कोणतें हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें होतें. जाणत्या संगीतज्ञांचेहि सुमारे एक-तृतीयांश अंदाज चुकले. १९३८ सालीं आयोगाचा निकाल लागला. वाद्यास ऑर्गन म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु मोठ्या ऑर्गनचे झाडून सर्व स्वररंग यांतून निघतात, अगर यांत अगणित स्वररंग आहेत, असें म्हणणें कंपनीनें बंद करावें. आमच्या मतें हा निकाल दोन्हीं पक्षांस योग्य धडा देणारा होता. वाद्य चांगलें होतें. जाहिरात मात्र त्याहून मोठी झाली होती.

आतां आपण आमच्या पेडलच्या प्रश्नाकडे येतों. हॅमंडच्या वाद्यांत एक उणीव होती, व ती त्याच्या गुणांतूनच उपजली होती. सर्व चाकें एकाच मोटरीवर फिरत असल्यामुळें स्वर लवभरहि हलत नसे. प्रार्थनेच्या वेळीं शंभर मुलें एक स्वर गातात, तेव्हां प्रत्येकाचा गळा किंचित् चढा किंवा उतरता असतो. त्या सूक्ष्म भेदामुळेंच समूहगानास भरीवपणा येतो. तो या वाद्यांत नव्हता. म्हणून १९३६ च्या अखेरीस कंपनीनें एका नव्या नमुन्यांत किंचित् चढ्या व किंचित् उतरत्या स्वरांच्या चाकांचा जास्तीचा संच घातला. त्यानें वजन व खर्च वाढला. पुढें कंपनीचे यंत्रज्ञ जॉन हॅनर्ट यांनीं अधिक सोपी युक्ति काढली. स्वर एका मार्गांतून क्षणाचा अल्प अंश उशिरानें जाऊं द्यावयाचा, तो उशीर सेकंदास सुमारे सात वेळां कमीजास्त करावयाचा, व हा हलता स्वर मूळच्या स्थिर स्वरांत मिसळावयाचा. १९७६ पासून जीं कोरस पेडलें बाजारांत आलीं, त्यांचें तत्त्व हेंच. फरक इतकाच कीं त्यांतील उशीर अधिक लांब असतो व हेलकावा अधिक संथ.

परंतु याच प्रकरणांत हॅमंड यांची एक मोठी चूक झाली. डॉन लेस्ली नांवाच्या एका तरुणानें हॅमंडचें वाद्य घरीं आणलें. विस्तीर्ण दुकानांत जो स्वर गोड वाटला होता, तो घरीं कोरडा लागला. त्यानें फिरत्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक बनविला. स्वर खोलीभर घुमूं लागला, आणि त्यानें तो कंपनीस देऊं केला. कंपनीनें नाकारला. लेस्लीनें १९४१ पासून तो स्वतःच विकावयास काढला, व वाजविणाऱ्यांनीं दोहोंची जोडी पक्की केली. तरीहि हॅमंड अखेरपर्यंत त्यास अनुकूल झाले नाहींत. ज्या पुरुषानें एके काळीं आपल्या हिशेबनिसाच्या कानावर विश्वास ठेविला, त्यानें हजारों वाजविणाऱ्यांच्या कानांवर ठेवूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें. ज्या रेनो कारखान्यानें चौदा वर्षांच्या लॉरेन्सची वही परत केली होती, त्याची आठवण त्या दिवशीं हॅमंड यांस झाली असती तर!

१९४० सालीं फ्रँकलिन संस्थेनें त्यांस पदक देऊन गौरविलें. १९५५ सालीं त्यांनीं कंपनीचें अध्यक्षपद सोडलें, १९६० सालीं निवृत्ति पत्करली, आणि जुलै १९७३ मध्यें कनेक्टिकट संस्थानांत त्यांचें देहावसान झालें. नव्वदाहून अधिक पेटंटें त्यांच्या नांवावर होतीं. त्यांचें वाद्य निग्रो बंधूंच्या प्रार्थनामंदिरांतून व जाझ संगीताच्या मंचांवरून, बहुधा लेस्लीच्या फिरत्या कर्ण्यासह, जगभर घुमलें.

आमच्या वाद्यवृंदाचें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. आम्हीं दोन पेड्या उसन्या आणविल्या व विद्यार्थ्यांस डोळे मिटून ऐकावयास सांगितलें. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ कंपनें करते. मूळ स्वरांत मिसळलेला स्वर सेकंदाच्या सुमारे बारा-सहस्रांशानें मागें पडला व तितकाच मोठा असला, तर दोन्हीं लहरी एकमेकींस खोडून काढतात, आणि वाद्याचा पायाच नाहींसा होतो. अधिक कळांच्या पेटींत असेंच झालें; खालचे स्वर डळमळूं लागले. दुसरी पेटी साधी होती. परंतु तींत खालचे स्वर स्थिर ठेवून वरच्याच स्वरांस हेलकावा देण्याची सोय होती, व मिश्रण किती करावें याची एक कळ होती. डोळे मिटलेल्या दोन्हीं पक्षांनीं हात वर केले ते तिच्यासाठींच.

विद्यार्थिमित्रहो, पडद्याआडच्या परीक्षेंत नांव, किंमत व जाहिरात यांस प्रवेश नसतो. वस्तु निवडतांना, मित्र निवडतांना, आणि दुसऱ्याची सूचना नाकारतांना तर विशेषच, असा एक पडदा आपल्या मनांत टांगून ठेवावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.