बंद पडलेली गाडी आणि अजरामर झालेलं नाव : अर्ल मॅकफर्सन

'मॅकफर्सन स्ट्रट' हा शब्द गॅरेजमध्ये कधी ना कधी कानावर पडतोच. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला उभा असलेला, स्प्रिंग चढवलेला शॉकअप म्हणजे हा स्ट्रट. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांची स्वतःची गाडी मात्र कधी बाजारात आलीच नाही!

अर्ल मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. १९१५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअर होऊन ते डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात शिरले. पहिल्या महायुद्धात लष्करात असताना त्यांनी युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम केलं. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये आले.

दुसरं महायुद्ध संपताना कंपनीला छोटी, हलकी आणि १००० डॉलरच्या आत मिळणारी गाडी हवी होती. ही जबाबदारी मॅकफर्सन यांच्याकडे आली. गाडीचं नाव होतं शेवरोले कॅडेट.

तेव्हाच्या अनेक गाड्यांत पुढचं चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्म्सनी धरलेलं असायचं. मॅकफर्सन यांनी वरचा आर्म काढूनच टाकला. खाली एक आर्म आणि वर थेट बॉडीला जोडलेला उभा स्ट्रट, बस्स! सुटे भाग कमी झाले, वजन घटलं.

पण एक गोष्ट बदलली. स्ट्रट आता टायरला जवळजवळ खेटून उभा राहिला. त्यामुळे व्हील अलाइनमेंटचा संबंध थेट या फटीशी आला.

चाक सरळ उभं न राहता आत किंवा बाहेर झुकतं, त्याला कॅम्बर म्हणतात. स्ट्रट आणि चाकाचा हब जोडणारे बोल्ट सैल करून चाकाची वरची बाजू आत झुकवली, तर टायर स्ट्रटच्या जवळ जातो. बाहेर झुकवली, तर तो मडगार्डच्या कडेजवळ येतो. स्ट्रटचं वरचं टोकच आत सरकवलं, तर मात्र चाक आणि स्ट्रट एकत्र झुकतात; दोघांमधली फट तेवढीच राहते. चाक पुढे-मागे सरकवून कॅस्टर बदलला, तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो.

१९४७ मध्ये जनरल मोटर्सने कॅडेट गुंडाळली. इतक्या कमी किमतीत नफा होईल, असं वरिष्ठांना वाटेना. मॅकफर्सन त्याच वर्षी फोर्डमध्ये गेले, आणि त्यांची कल्पनाही सोबत गेली. फोर्डच्या फ्रान्समधल्या व्हेडेट गाडीत आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सादर झालेल्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांत हे स्ट्रट आले. पुढे ते फोर्डच्या इंजिनिअरिंग विभागाचे उपाध्यक्ष झाले. १९६० मध्ये त्यांचं निधन झालं.

भारतात लाखो कुटुंबांची पहिली गाडी ठरलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही हेच स्ट्रट होते. आजही बहुतेक छोट्या गाड्यांत तेच असतात. म्हणून रुंद टायर टाकलेत किंवा अलाइनमेंट करून घेतलंत, की स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, तेवढं पाहून घ्या. सतत घासणारा टायर आतल्या बाजूने कापला जातो, आणि ती बाजू बाहेरून सहज दिसत नाही.