होमी भाभा, तारापूर आणि आपलं छोटं बेट



सीफच्या मॉलमध्ये ऐन ऑगस्टात गारव्याला फिरताना आम्हाला हमखास प्रश्न पडतो, एवढी वीज येते कुठून? बहारीनमध्ये ती मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होते, आणि पिण्याचं पाणीही बहुतांशी समुद्राचंच गोडं केलेलं. शेजारच्या अमिरातीत बराकाची अणुभट्टी २०२० पासून वीज देऊ लागली, तेव्हापासून आमच्या शुक्रवारच्या चहात वाद ठरलेला: बहारीननेही घ्यावी का? वादात होमी भाभांचं नाव येतंच. म्हणून म्हटलं, यावेळी त्यांच्याबद्दलच लिहू या.

भाभांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. आत्या दोराबजी टाटांच्या घरी दिलेली. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन मुलाने जमशेदपूरच्या कारखान्यात यावं, ही घरच्यांची इच्छा (आपल्यापैकी कितीजणांची हीच कथा!). पठ्ठ्याने १९३० मध्ये पहिल्या वर्गात पदवी घेऊन वडिलांचा शब्द राखला आणि मग आवडत्या भौतिकशास्त्राकडे वळला. विश्वकिरणांवरच्या कामाने नाव झालं. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं. परत जाता येईना, म्हणून बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत थांबले. ते थांबणं कायमचं ठरलं.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. तेव्हा देश पारतंत्र्यात होता, हिरोशिमाही घडलं नव्हतं. तरीही अणुवीज वापरायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा त्यांचा मुद्दा होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याची अप्सरा भट्टी सुरू झाली. इंधन मात्र ब्रिटनचं. पुढच्याच वर्षी तिथे प्रशिक्षण शाळा निघाली. आम्हाला भट्टीपेक्षा ही शाळा मोठी वाटते.

चित्रं काढणारा, पाश्चात्य संगीतात रमणारा, बांधकामाच्या आड येणारी झाडं तोडू न देता उचलून दुसरीकडे लावणारा हा माणूस. हिशेबात मात्र फार आशावादी! १९८० पर्यंत ८००० मेगावॅट, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या साली हजारही नव्हते.

तारापूर त्यांना पाहता आलं नाही. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचं विमान माँ ब्लां पर्वतावर आदळलं. वय अवघं ५६. तारापूरच्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन अमेरिकन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला, आणि पुढे १९८२ मध्ये फ्रान्सशी करार करावा लागला. एवढ्या मोठ्या देशाची ही गत! नंतरच्या भट्ट्या ३ आणि ४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, ती किंमत वेगळीच.

आता बहारीनचं बघा. तारापूर मुंबईपासून शंभरेक किलोमीटर लांब आहे. इथे सगळं बेटच पन्नासेक किलोमीटरचं. काही बिघडलं तर माणसं हलवायची कुठे, सौदीच्या पुलावर? शिवाय बराकाची एकेक भट्टी १४०० मेगावॅटची. एवढा एकच संच अचानक बंद पडला तर छोट्या देशाचं वीजजाळं कसं सावरायचं? लहान भट्ट्या येऊ घातल्यात खऱ्या, पण आमचं मत असं की, २००९ पासून आखाती देशांच्या सामायिक वीजजाळ्याशी बहारीन जोडलेलं आहेच, तर शेजाऱ्याकडून वीज घ्यावी आणि आपली मुलं हे शास्त्र शिकवून तयार ठेवावीत. बराका किंवा बुशेहरला काही झालं, तर जेमतेम तीनशे किलोमीटरवरच्या या बेटावर ते समजणारी माणसं तरी हवीतच.

आमच्यातल्या दोघांना हे मुळीच पटलेलं नाही. इंधन आयुष्यभर दुसऱ्याकडून घेणं चालतं, मग वीज घेण्यात कमीपणा कसला, हे आम्ही त्यांना येत्या शुक्रवारी विचारणार आहोत. चहा सीफलाच, नेहमीच्या वेळी!