डॉ. कोटणीसांची चिनी भाषा आणि अपस्मार

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या बहिणी विलेपार्ल्यात राहत. चीनचा एखादा मोठा नेता मुंबईत आला की या कुटुंबाची भेट त्याच्या कार्यक्रमात असायचीच. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हु जिंताओ कोटणीस कुटुंबीयांना भेटले, २०१३ मध्ये पंतप्रधान ली केकियांग भेटले. भाऊ जाऊन तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटामुळे 'डॉ. कोटणीस' हे नाव घरोघरी पोहोचले. युद्धभूमीवर गेलेला मराठी डॉक्टर परत आला नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यांना गोळी लागली नव्हती. वयाच्या ३२व्या वर्षी ते अपस्माराने गेले. आपल्याकडे याला मिरगी, आकडी, फेफरे किंवा नुसतेच 'फिट येणे' म्हणतात आणि बहुतेक घरांत कुजबुजतच म्हणतात.

कोटणीस मूळचे सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. पदव्युत्तर परीक्षेची तयारी चालू असताना १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले होते. पाच जण निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. चीनमध्ये या पाचही जणांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दीहुआ.

चीनला पोहोचून फार दिवस झाले नव्हते, तोच वडील गेल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे चोळकर, मुखर्जी आणि अटल मायदेशी आले. बसू आणि कोटणीस राहिले. त्यातही कोटणीस आघाडीच्या जवळ, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. तिथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून काम करत असत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले.

इथे भाषेचा प्रश्न येतो. चरित्रे लिहिणारे तो दोन ओळींत उरकतात. मेंदूच्या डॉक्टरला मात्र या आयुष्यातली सर्वांत लक्षवेधी गोष्ट तीच वाटेल.

मराठी कानाला चिनी भाषा दोन बाजूंनी अवघड आहे. मराठीत सूर चढवला-उतरवला तर भाव बदलतो, शब्द तोच राहतो. चिनी भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो. लिपीत बाराखडी नाही, शेकडो चिन्हे एकेक करून पाठ करावी लागतात. अठ्ठाविशी गाठलेल्या माणसाने हे सारे जखमींच्या रांगा, पायी प्रवास आणि अपुरी झोप यांच्यात शिकायचे! कोटणीस शिकले. दुभाष्याशिवाय रुग्णांशी बोलू लागले, विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि शेवटी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही त्याच भाषेत लिहायला बसले.

नवा शब्द शिकताना मेंदूत काय घडते? शब्द कानावर पडतो, काही सेकंद मनात घोळतो. तेवढ्यात तो पकडला तर कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे जातो. समुद्रघोड्यासारख्या आकाराचा हा भाग नव्या शब्दाला त्याच्या अर्थाशी, प्रसंगाशी, माणसाशी बांधतो. उजळणीने आणि झोपेत ही बांधणी पक्की होते आणि हळूहळू शब्द मेंदूच्या बाहेरच्या थरांत मुरतो. मुरलेला शब्द मग सहसा जात नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांत शब्दांचे हे काम मुख्यतः डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस करतो.

कोटणीसांच्या काळात हे कोणालाच माहीत नव्हते. ते कळले १९५७ मध्ये. त्याच्या चार वर्षे आधी अमेरिकेत अपस्माराच्या एका तरुण रुग्णाच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस शस्त्रक्रियेने काढण्यात आले होते. झटके कमी झाले, बोलणे-चालणे आणि बुद्धी शाबूत राहिली, पण नवे काही लक्षात राहणे कायमचे थांबले. रोज भेटणारा डॉक्टरही त्याला रोज नवा. ब्रेंडा मिलनर यांनी त्याची तपासणी करून ते जगापुढे मांडले. स्मृतीबद्दलचे वैद्यकाचे बरेचसे ज्ञान असे अपस्माराच्याच रुग्णांकडून आलेले आहे.

आपल्या पूर्वजांनी या आजाराला दिलेल्या नावातच स्मृती आहे. अप आणि स्मार, म्हणजे स्मरण दूर जाणे. झटक्याच्या वेळचे काही आठवत नाही, हे त्यांनी टिपले होते. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही काही रुग्णांची शब्दस्मृती कमी पडते, हे आधुनिक चाचण्यांनी दाखवले. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांनी बसवलेली एक चाचणी आजही जगभर वापरात आहे. रुग्णाला पंधरा साधे शब्द वाचून दाखवायचे आणि आठवतील तेवढे म्हणायला सांगायचे. असे पाच वेळा. मग दुसरी पंधरा शब्दांची यादी मध्ये घालायची. नंतर पहिली यादी पुन्हा विचारायची, लगेच आणि वीस-तीस मिनिटांनीही.

विसरण्याच्या तऱ्हा इथे वेगळ्या पडतात. डाव्या कानशिलाच्या भागातून झटके येणारा रुग्ण यादी बऱ्यापैकी शिकतो, पण अर्ध्या तासाने त्यातले बरेच शब्द निसटलेले असतात. अल्झायमरच्या रुग्णाला आठवणीसाठी धागा दिला तरी फारसा उपयोग होत नाही, कारण शब्द आत साठलेलाच नसतो. पार्किन्सनमध्ये पुष्कळदा उलटे असते. शब्द आत असतो, नेमका सापडत नाही, पहिले अक्षर सुचवले की बाहेर येतो. नैराश्यात लक्षच लागत नाही, म्हणून पहिल्या फेरीपासून आकडा कमी. स्किझोफ्रेनियाचे अनेक रुग्ण शब्दांचे गट पाडून लक्षात ठेवण्याची युक्ती आपणहून वापरत नाहीत. 'मला विसरायला होतं' हे वाक्य सगळ्यांचे एकच, पण बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी. तो शोधल्याशिवाय बुद्धिवर्धक गोळ्या आणि चूर्णे देणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

कोटणीसांच्या मेंदूचा आलेख निघण्याची सोय त्या डोंगरात नव्हती. पण शेवटच्या काळात झटके येत असताना ते परकीय भाषेत पाठ्यपुस्तक लिहीत होते, एवढे पुरेसे बोलके आहे. मुरलेली भाषा आणि वर्षानुवर्षांचे ज्ञान अपस्मार सहसा हिरावत नाही. त्रास होतो तो नव्याने शिकण्याला आणि ऐन वेळी नाव आठवण्याला, तोही सर्वांना नाही. शाळेत हे कोणी समजून घेत नाही. झटके येणारे मूल धडा विसरले की त्याला मंद ठरवतात. मग घरचे आजार लपवतात आणि औषधही चोरून देतात.

औषधांचाही वाटा असतो, हे सांगायला हवे. १९१२ पासून वापरात असलेले फेनोबार्बिटल झटके थांबवते, पण सुस्ती आणते आणि लक्ष कमी करते. हल्लीच्या टोपिरामेटने काहींना बोलताना शब्दच सुचत नाहीत. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते. फेनिटॉइन या औषधाचा अपस्मारावरील गुण मेरिट आणि पुटनम यांनी अमेरिकेत १९३८ मध्ये जाहीर केला. भारतीय पथक मुंबईच्या बंदरातून निघाले तेच साल. जपानी वेढ्यातल्या खेड्यांपर्यंत ते कुठून पोहोचणार!

आणि झोप. जागरण हे झटका आणणारे मोठे कारण आहे. कोटणीसांनी १९४० च्या लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. विश्रांतीसाठी मागे जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. त्यांच्या निष्ठेला नमस्कार करूनही, डॉक्टर म्हणून हा निर्णय चुकीचा होता असेच म्हणावे लागते. रुग्णाला जे सांगायचे ते स्वतः पाळायचे नाही, ही सवय या पेशात आजही आहे.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. अपस्मार असलेल्या माणसाच्या लग्नाकडे आपला कायदा कितीतरी वर्षे संशयाने पाहत होता. हिंदू विवाह कायद्यातील ती अट १९९९ मध्ये निघाली. कायद्यातून निघाली, पत्रिका जुळवणाऱ्यांच्या डोक्यातून अजून निघायची आहे.

डिसेंबर १९४२ मध्ये हपेई प्रांतातल्या गेगोंग गावी कोटणीसांना एकापाठोपाठ एक झटके येऊ लागले. दोन झटक्यांच्या मध्ये शुद्ध येत नसेल किंवा एक झटका पाच मिनिटांहून जास्त लांबला, तर ती अपस्मारातली खरी आणीबाणी. आज अशा रुग्णाला कुशीवर वळवून थेट रुग्णालयात आणावे, शिरेतून औषध देता येते. कांदा हुंगवण्यात आणि चप्पल नाकाला लावण्यात वेळ घालवू नये, तोंडात चमचा घालू नये. नियमित औषधाने दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात. गेगोंगमध्ये सहकारी डॉक्टर उशाशी होते, हाताशी औषध नव्हते. ९ डिसेंबरला पहाटे कोटणीस गेले. मूल साडेतीन महिन्यांचे होते. पाठ्यपुस्तक अर्धे राहिले होते.