फोनचा जीपीएस जुन्या नकाशाशी का जुळत नाही? विल्यम लॅम्ब्टन यांची गोष्ट

पुणे : गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याआधी तिची मापे ठरवावी लागतात. भारतात हे काम विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केले.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आधाररेषेची मोजणी सुरू झाली. पुढे त्रिकोणांचे जाळे विस्तारत गेले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आदळला. लॅम्ब्टन यांनी तो स्वतः दुरुस्त केला. २० जानेवारी १८२३ रोजी, मोहीम अर्ध्यावर असताना, हिंगणघाट (आजचा वर्धा जिल्हा) येथे त्यांचे निधन झाले.

सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले. त्याच्या आधारे १८३० मध्ये त्यांनी पृथ्वीची मापे ठरवली. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे त्यावर बेतलेले आहेत. जीपीएस मात्र 'डब्ल्यूजीएस ८४' वापरतो. म्हणून जुन्या नकाशातले अक्षांश-रेखांश फोनमध्ये टाकण्याआधी तो कोणत्या मापांवर काढला आहे, हे तपासा.