स्वभाव, सिगारेट आणि कर्करोग : हान्स आयझेंक यांचे वादग्रस्त संशोधन

घरात कोणाला कर्करोग झाला की नातेवाइकांत एक चर्चा हमखास होते. माणूस सगळे मनात ठेवायचा, कधी कुणापुढे मोकळा झाला नाही, त्यातूनच हे दुखणे आले. समजूत फार जुनी आहे. तिला विसाव्या शतकात शास्त्राचा शिक्का मिळवून देणाऱ्यांत हान्स आयझेंक हे मोठे नाव.

आयझेंक यांचा जन्म १९१६ मध्ये बर्लिनला झाला. आई-वडील दोघेही अभिनय करणारे, त्यामुळे मुलाला वाढवले ते आजीने. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. आजी पुढे छळछावणीत मरण पावली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते. पण त्यासाठी लागणारे विषय घेतलेले नव्हते, म्हणून मानसशास्त्राकडे वळावे लागले. १९५५ मध्ये ते लंडनच्या मॉड्सली रुग्णालयाशी संलग्न मानसोपचार संस्थेत प्राध्यापक झाले. माणूस किती बहिर्मुख आणि किती चिंताग्रस्त, हे मोजणारी त्यांची प्रश्नावली मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकावी लागते. संभाषणातून होणाऱ्या मानसोपचाराने रुग्ण बरे होतात याला पुरावा काय, असा खडा सवाल त्यांनी १९५२ मध्ये केला होता. पुराव्याबद्दल इतरांना असे धारेवर धरणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत काय केले, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

१९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटनमध्ये ठळकपणे दाखवला. आयझेंक यांना तो पटला नाही. डेव्हिड किसेन या स्कॉटिश डॉक्टरांबरोबर त्यांनी १९६२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या पुरुषांनी त्यांच्या प्रश्नावलीत चिंतेचे, अस्वस्थतेचे गुण कमी मिळवले होते. याचा अर्थ हे लोक भावना दाबून ठेवतात, असा लावला गेला. १९६५ च्या पुस्तकात आयझेंक आणखी पुढे गेले : सिगारेटची ओढ आणि कर्करोगाची शक्यता या दोन्ही गोष्टी एकाच जन्मजात घडणीतून येत असतील, असे त्यांचे म्हणणे. सिगारेट कंपन्यांना याहून गोड काय असणार? त्यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाकडून ८ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाल्याचे १९९६ मध्ये उघड झाले. पैसा कुठून येतो याने निष्कर्ष बदलत नाहीत, ही त्यांची भूमिका मात्र कायम राहिली.

खरा धक्कादायक भाग १९८० नंतरचा. हायडेलबर्गचे संशोधक रोनाल्ड ग्रोसार्थ-मातिचेक यांनी युगोस्लाव्हियात आणि जर्मनीत हजारो लोकांच्या मुलाखती घेऊन, पुढे कोण कशाने मरण पावले याची नोंद ठेवल्याचा दावा केला होता. आयझेंक यांनी ही माहिती उचलून धरली आणि दोघांच्या नावावर लेखांमागून लेख येऊ लागले. निराशा गिळून गप्प बसणाऱ्यांना कर्करोग, रागाने धुमसणाऱ्यांना हृदयविकार, अशी ती विभागणी. कर्करोगाकडे झुकणाऱ्या स्वभावाच्या माणसाचा धोका इतरांच्या शंभरपटीहून अधिक दाखवला गेला. दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही सर्वसाधारणपणे वीस-पंचवीस पटींच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की आकडा किती अवास्तव आहे ते कळते. एका प्रयोगात तर धोक्यातल्या लोकांना स्वभाव बदलण्याची एक लहानशी पत्रिका वाचायला देऊन पुढच्या तेरा वर्षांतले मृत्यू निम्म्याहूनही कमी केल्याचा दावा होता. असे औषध खरोखर असते तर जगातल्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात वाटले गेले असते.

टीका झाली नाही असे नाही. १९९१ मध्ये अनेक तज्ज्ञांनी या माहितीच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवले. १९९२ मध्ये अँथनी पेलोसी आणि लुईस ॲपलबी या मनोविकारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौकशीची गरज मांडली. पण आयझेंक यांचा दबदबा मोठा होता आणि विषय मागे पडला. १९९७ मध्ये मेंदूतील गाठीच्या आजाराने लंडनच्या एका हॉस्पिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वाधिक उल्लेखले जाणाऱ्या हयात मानसशास्त्रज्ञांत त्यांची गणना होत होती.

२०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधील सुमारे ६० हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वभाव मोजण्यासाठी आयझेंक यांचीच प्रश्नावली वापरली होती. बहिर्मुखता किंवा चिंताग्रस्तता यांचा कर्करोग होण्याशी संबंध आढळला नाही. कर्करोगाच्या रुग्णाला नैराश्य येते, भीती वाटते, त्यावर उपचार हवेत आणि त्यांचा उपयोगही होतो. तो प्रश्न वेगळा. आजार स्वतःच्या स्वभावानेच ओढवला, हे ओझे मात्र त्याच्या डोक्यावर ठेवण्याला आधार उरला नाही.

पेलोसी यांनी २०१९ मध्ये हे प्रकरण पुन्हा बाहेर काढले. त्याच वर्षी किंग्ज कॉलेज, लंडनच्या चौकशीने २६ लेख अविश्वसनीय ठरवले आणि संबंधित नियतकालिकांना कळवले. पुढच्या काळात त्यांतले अनेक मागे घेतले गेले. चौकशी मात्र ग्रोसार्थ-मातिचेक यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखांपुरतीच होती. आयझेंक यांनी एकट्याने लिहिलेले लेख आणि पुस्तके तिच्या कक्षेत आली नाहीत.