टॉमी गन बनवणारा जनरल, आणि त्याची बंदूक आज ट्रस्टच्या नावावर का असते?

अमेरिकेत एखाद्या घरातल्या तिजोरीत जुनी टॉमी गन असेल, तर कागदोपत्री तिचा मालक माणूस नसून ट्रस्ट असू शकतो. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा नाहीतर दवाखाना आठवतो. मग बंदुकीचा ट्रस्ट ही काय भानगड आहे?

हे समजून घ्यायचं तर ती बंदूक बनवणाऱ्या माणसापासून सुरुवात करायला हवी. त्यांचं नाव जॉन टी. थॉम्पसन.

सैनिकाचा मुलगा, शस्त्रांचा जाणकार

थॉम्पसन यांचा जन्म 31 डिसेंबर 1860 चा, केंटकी राज्यातल्या न्यूपोर्टचा. वडील सैन्यात होते. मुलानेही तीच वाट धरली आणि 1882 मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून तो अधिकारी होऊन बाहेर पडला. पुढे 1890 मध्ये सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागात गेल्यावर त्यांना आपलं खरं काम सापडलं.

1898 मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध झालं. तेव्हा फ्लोरिडातल्या टँपा बंदरातून क्युबाला दारूगोळा पाठवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. 1904 मध्ये पिस्तुलाची गोळी किती मोठी असावी हे ठरवण्यासाठी शिकागोच्या कत्तलखान्यात चाचण्या झाल्या. त्याही थॉम्पसन आणि लागार्ड नावाच्या लष्करी डॉक्टरांनीच घेतल्या. त्यातून पॉइंट 45 ची गोळी पक्की झाली.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर 1914 मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले आणि रेमिंग्टन कंपनीत गेले. युरोपातलं युद्ध तेव्हा खंदकांमध्ये अडकलं होतं. अशा अरुंद जागेत एकट्या सैनिकाला हातात धरून झाडता येईल अशी स्वयंचलित बंदूक त्यांना हवी होती. 1916 मध्ये उद्योगपती थॉमस फॉर्च्युन रायन यांच्या पैशावर त्यांनी ऑटो-ऑर्डनन्स ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली. थॉम्पसन यांना सैन्यात परत बोलावण्यात आलं आणि ते ब्रिगेडियर जनरल झाले.

बंदूक मात्र वेळेत पोहोचली नाही. नमुने तयार होईपर्यंत नोव्हेंबर 1918 उजाडला आणि युद्ध संपलं.

गिऱ्हाईक बदललं

1921 मध्ये कोल्ट कंपनीकडून 15,000 बंदुका बनवून घेतल्या गेल्या. किंमत साधारण 200 डॉलर. सैन्याला युद्ध संपल्यावर एवढ्या बंदुका नको होत्या, त्यामुळे माल वर्षानुवर्षं पडून राहिला. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या होबोकेन इथे आयर्लंडच्या बंडखोरांसाठी निघालेल्या जवळपास 500 थॉम्पसन बंदुका जहाजावर पकडल्या गेल्या. त्या प्रकरणात जनरलच्या मुलाचं, मार्सेलसचंही नाव आलं. पुढे खटला सोडून देण्यात आला.

मग दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांच्या हाती ही बंदूक लागली. 14 फेब्रुवारी 1929 ला शिकागोतल्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीला उभं करून मारण्यात आलं. त्यात दोन थॉम्पसन वापरल्या होत्या. सैनिकाचा जीव वाचावा म्हणून केलेली बंदूक गुंडांची ओळख बनली.

200 डॉलरचा कायदा

26 जून 1934 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टवर सही केली. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन, सायलेन्सर या वस्तूंवर सरसकट बंदी आली नाही. प्रत्येक वस्तूची सरकारी नोंद आणि दर हस्तांतराला 200 डॉलर कर, एवढंच. पण थॉम्पसनच्या बाबतीत कर बंदुकीच्या किमतीएवढाच झाला. सामान्य माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, हाच हेतू होता.

या कायद्यात एक मेख आहे. ज्याच्या नावावर नोंद, ताबा त्याचाच. समजा बंदूक नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो गावाला गेलाय. तिजोरीची किल्ली बायकोकडे असेल, तर तिच्यावर बेकायदा ताब्याचा आरोप येऊ शकतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद.

ट्रस्ट इथे कामाला येतो. हा धर्मादाय ट्रस्ट नाही, खासगी कौटुंबिक ट्रस्ट आहे. तो करणाऱ्याला जिवंतपणी बदलता किंवा मोडता येतो. बंदूक ट्रस्टच्या नावावर नोंदवली की त्यातला प्रत्येक विश्वस्त ती कायदेशीरपणे बाळगू शकतो. मालक वारला तर वारसाला करमाफी ट्रस्टशिवायही मिळते. पण ट्रस्ट असेल तर हस्तांतराचे कागद होईपर्यंत बंदूक कोणाच्या ताब्यात ठेवायची, हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक कारण होतं. एकट्या माणसाला अर्जावर स्थानिक पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागायची, सोबत फोटो आणि बोटांचे ठसे. काही अधिकारी सही द्यायचेच नाहीत. ट्रस्टला यातलं काहीच लागत नव्हतं. त्यामुळे ही पळवाट आहे अशी टीका झाली. 13 जुलै 2016 पासून नियम बदलला. आता ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला फोटो आणि ठसे द्यावे लागतात. पोलीसप्रमुखाची सही गेली, त्याला फक्त कळवायचं असतं.

ज्याला कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, त्याला ट्रस्टमध्ये नाव घालूनही ती बाळगता येत नाही. ट्रस्टचे कागद चुकीचे निघाले तर नोंदच अडचणीत येते. शिवाय राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेतच.

1986 नंतर नवी मशीनगन सामान्य नागरिकाच्या नावावर नोंदवणं बंद झालं. त्यामुळे आधी नोंद झालेल्या थॉम्पसनची किंमत आज हजारो डॉलरच्या घरात आहे. 1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा कर शून्य झाला, नोंदणी कायम राहिली. मशीनगनवर मात्र 1934 चेच 200 डॉलर आहेत.

जनरलचं पुढे काय झालं?

1928 मध्ये रायन वारले आणि कंपनीवरची थॉम्पसन यांची पकड सुटत गेली. 1939 मध्ये कंपनी रसेल मॅग्वायर या उद्योजकाच्या हातात गेली, त्याच वर्षी मार्सेलसही गेला. आपली बंदूक गुन्हेगारांच्या हाती गेल्याची खंत त्यांनी शेवटच्या दिवसांत एका जुन्या सहकाऱ्याला पत्रातून कळवली होती. 21 जून 1940 ला, वयाच्या 79 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. वेस्ट पॉइंटलाच त्यांचं दफन झालं.

त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांसाठी 15 लाखांहून जास्त थॉम्पसन बनल्या. ज्या सैनिकांसाठी ती बंदूक होती त्यांच्या हातात ती शेवटी पोहोचली, पण ते पाहायला जनरल नव्हते.